लष्करातला शनिवार-रविवार

ग्वाल्हेर हे बहुतेक मराठी माणसांनी रेल्वेच्या खिडकीतून पाहिलेलं गाव. आपण दिल्लीला निघालेलो असतो, नाहीतर वैष्णोदेवीला, नाहीतर पोराला नोएडाच्या नोकरीवर पोचवायला. झाशी मागे पडली की डब्यातला कुणी जाणता म्हणतो, आता ग्वाल्हेर येईल. येतं. डाव्या हाताला डोंगरावर लांबलचक तट दिसतो, "केवढा मोठा आहे हो" म्हणून होतं, चहा घेतला जातो, गाडी हलते. शाळेच्या पुस्तकातले महादजी शिंदे तेवढ्यापुरते आठवतात आणि मुरैना येईपर्यंत विसरलेही जातात. गोव्याला, केरळला, राजस्थानला जोडीने जाणारी माणसं ग्वाल्हेरला जोडीने गेल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

आम्ही गेलो, त्याला कारण नवरा. आमचं घर पुण्याला वानवडीत. १२ फेब्रुवारी १७९४ ला महादजी वारले ते याच वानवडीच्या छावणीत, आणि दहनाच्या जागी आज शिंदे छत्री उभी आहे. नवरा रोज सकाळी तिथवर फिरायला जातो आणि येताना दूध घेऊन येतो. एवढ्या भांडवलावर शिंदे घराण्याशी आपलं घरोब्याचं नातं आहे असा त्याचा समज झालेला आहे. माझा दावा वेगळा. मी लहानपणी गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिल्या. ते विद्यालय १९०१ मध्ये लाहोरला काढलं विष्णु दिगंबर पलुसकरांनी, पलुसकर मिरजेला शिकले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, आणि बाळकृष्णबुवांनी गाणं आणलं ते ग्वाल्हेरहून. म्हणजे माझा तोडकामोडका यमनसुद्धा मूळचा तिथलाच. असे दोघंही आपापला हक्क घेऊन निघालो. जानेवारी होता, संक्रांत तोंडावर आली होती. शुक्रवारची रजा टाकली आणि झेलम एक्सप्रेस पकडली.

उतरलो तेव्हा संध्याकाळ होती आणि थंडी पुण्याच्या हिशेबातली नव्हती. ई-रिक्षावाल्याने "लश्कर?" एवढंच विचारलं. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला तळ टाकला, तो उठलाच नाही. तंबूंच्या जागी वाडे आले, वाड्यांच्या आधाराने बाजार आले, आणि गाव वसलं तरी नाव लष्करच राहिलं. आजचं ग्वाल्हेर तीन गावं जोडून झालेलं आहे: किल्ल्याच्या पायथ्याचं जुनं ग्वाल्हेर, हे लष्कर, आणि पूर्वेकडचं मुरार, जिथे फौजेची छावणी होती. रिक्षा जसजशी आत शिरली तसतसा नवरा खुलत गेला. दौलतगंज, जनकगंज, माधवगंज, जयेंद्रगंज, फालका बाजार, पाटणकर बाजार, शिंदे की छावनी. तो नावं मोठ्याने वाचत होता आणि रिक्षावाला आरशातून त्याच्याकडे पाहत होता.

महाराज बाड्यावर आलो. हा लष्कराचा मुख्य चौक. भोवताली टाउन हॉल, पोस्ट, छापखाना, बँक, व्हिक्टोरिया मार्केट अशा इमारती उभ्या, एकीचं दुसरीशी काही जुळत नाही, प्रत्येकीची घडण वेगळ्या मुलखाची. संस्थानिकाच्या हाती पैसा आणि परदेशी पुस्तकांची आवड एकदम आली की असा चौक तयार होतो. खाली मात्र सगळी गर्दी हिवाळ्याची: हातगाड्यांवर लोकरी टोप्या, भाजलेले शेंगदाणे, गरम दूध. नवऱ्याने दुकानांच्या पाट्यांवर मराठी आडनावं हुडकायला सुरुवात केली. तासाभरात त्याला एक होमिओपॅथ आणि एक चष्मेवाला सापडला. दोन्ही दुकानं बंद होती.

शनिवारी सकाळी माझं ऐकायचं असं आधीच ठरलं होतं, म्हणून किल्ल्याच्या आधी बेडई. उडदाच्या डाळीचं मसालेदार वाटण भरलेली, खरपूस तळलेली जाड पुरी आणि तिच्याबरोबर द्रोणात बटाट्याची पातळ भाजी. भाजीत कांदा-लसूण नाही, पण हिंग असा सढळ की दुकानाच्या आधी वासच भेटतो. आपल्याकडे उभ्याने खायचं म्हणजे घाईने खायचं. इथे मात्र माणसं उभ्यानेच, पण निवांत खातात, भाजी पुन्हा घेतात, वर जिलबी घेतात, मग थोडं राजकारण, मग पुन्हा भाजी. सकाळी आठला एवढं तळलेलं पोटात गेल्यावर माणसाने काय करावं हे मला कळेना. नवऱ्याला कळलं. तो म्हणाला, आता लाडू.

नया बाजारातलं बहादुरा हे दुकान अटलबिहारी वाजपेयींमुळे देशभर ठाऊक झालं. वाजपेयी जन्मले, वाढले, शिकले ते याच गावात, आणि इथल्या लाडवांची त्यांची आवड पंतप्रधान झाल्यावरही सुटली नाही. दुकान बघून आपण चुकीच्या जागी आलो असं वाटतं. ना काचेची सजावट, ना रंगीत डबे. साजूक तुपातल्या बुंदीचा लाडू कागदावर ठेवून हातात देतात, संपला विषय. खाल्ल्यावर मीही फार बोलले नाही. पुण्यात लाडवाच्या खोक्यावर इतिहास छापतात आणि लाडू कोरडा निघतो, एवढं मात्र मनात आलं, ते इथे लिहून टाकते.

किल्ल्यावर गाडी जाते ती पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने. वाटेत दोन्ही अंगांच्या कड्यांत जैन तीर्थंकरांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत, काही बसलेल्या, काही उभ्या, एक तर पन्नास फुटांहून उंच. पंधराव्या शतकात तोमर राजांच्या काळात त्या घडवल्या गेल्या, आणि पुढे बाबराच्या हुकमाने कित्येकांचे चेहरे फोडले गेले. रिक्षावाला तिथे थांबला, खाली उतरला, हात जोडून परत बसला. तो जैन नव्हता. "जाता-येता करतो," एवढंच म्हणाला.

वर पोचल्यावर कळतं की हा किल्ला म्हणजे एक पठार आहे, सुमारे तीन किलोमीटर लांब. त्यावर देवळं, तळी, राजवाडे, एक मोठा गुरुद्वारा आणि सिंधिया स्कूल, सगळं सुटं सुटं पसरलेलं. सहस्रबाहूचं देऊळ १०९३ सालचं. ते पाहताना मी खांबांवरच रेंगाळले, कारण तिथे एक बोटही कोरीव कामाशिवाय टेकवायला जागा नाही. तेली का मंदिर त्याहून जुनं आणि उंच, छप्पर गाडीच्या टपासारखं गोलसर लांबट. देवळाला असं डोकं मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

पण किल्ला लक्षात राहतो तो मान मंदिरामुळे. मानसिंग तोमर १४८६ ते १५१६ राज्यावर होता. त्याने बांधलेल्या या वाड्याची बाहेरची भिंत म्हणजे दगडावर केलेला खेळ आहे: निळ्या चकाकत्या फरशांचे पट्टे, त्यांत पिवळी बदकं ओळीने चाललेली, हत्ती, मगरी, केळीची झाडं. पाचशे वर्षांचा उन्हाळा सोसून तो निळा रंग अजून निळा आहे. राजाने कडेकोट किल्ल्याच्या दर्शनी भिंतीवर बदकं काढून घ्यावीत, यातच त्या माणसाची अर्धी ओळख पटते. उरलेली अर्धी संगीतातून पटते, कारण ध्रुपदाला राजाश्रय देणारा म्हणून त्याचंच नाव घेतात. वाड्याच्या खाली तळघरात मात्र वेगळीच हवा. थंड, गोल दालनं. मोगलांनी या किल्ल्याचा राजघराण्यातल्या माणसांसाठी तुरुंग केला. औरंगजेबाने सख्ख्या भावाला, मुरादला, इथेच ठेवलं आणि १६६१ मध्ये इथेच मारवलं. जहांगीराने शिखांचे सहावे गुरू हरगोबिंद यांनाही याच किल्ल्यात डांबलं होतं. सुटका झाली तेव्हा एकट्याने बाहेर पडायला ते तयार नव्हते, बरोबरचे बावन्न राजे सोडवूनच निघाले, अशी शिखांची परंपरा सांगते. म्हणून इथल्या गुरुद्वाराचं नाव दाता बंदी छोड. दुपारचं जेवण आम्ही तिथल्या लंगरमध्ये केलं. दाळ, रोटी, खीर. शेजारी जालंधरचं एक कुटुंब होतं, त्यांच्या आजींनी माझ्या पानात माझ्या वतीने रोटी मागून घेतली.

जेवताना नवरा जरा गप्प होता. मी विचारलं तर म्हणाला, "अगं, सगळं पाहिलं, पण इथे आपलं काय?" प्रश्न वाजवी होता. १७८० मध्ये पॉपमच्या इंग्रज तुकडीने रात्री शिड्या लावून हा किल्ला मराठ्यांकडून घेतला, तो गोहदच्या राण्याकडे गेला, महादजींनी काही वर्षांत परत मिळवला. १८५८ नंतर तो पुन्हा इंग्रजांकडे राहिला आणि १८८६ मध्ये झाशी शहर देऊन जयाजीराव शिंद्यांनी सोडवून घेतला. वाडा बांधला तोमरांनी, देवळं त्यांच्याही आधीची, तुरुंग केला मोगलांनी. आपण किल्ला घेतला, घालवला, पुन्हा घेतला. मी हे असं बोलून दाखवलं तेव्हा त्याने खिरीची वाटी पुढे केली आणि म्हणाला, "घेणं सोपं नसतं."

परत उतरताना आम्ही रिक्षा सोडली आणि पूर्वेच्या जुन्या वाटेने हत्ती पोळीतून पायी खाली आलो. गुडघे दुखतात, पण हीच वाट घ्यावी. अर्ध्यावर एकाच कातळातून कोरलेलं चतुर्भुजाचं इवलंसं देऊळ आहे. लोक त्याच्यासमोर पाणी पितात, फोटो काढतात आणि पुढे जातात. आतल्या भिंतीवर इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी जमीन दिली, ती २७० हात लांब आणि १८७ हात रुंद, आणि त्या बागेतून रोज ५० माळा देवाला यायच्या, असा त्यातला मजकूर. त्या २७० मध्ये आणि ५० मध्ये जे बारीक वर्तुळ कोरलेलं आहे, ते भारतातल्या सगळ्यात जुन्या कोरीव शून्यांपैकी एक. जगभरातले गणिताचे अभ्यासक ते बघायला येतात. मला आवडलं ते हे, की शून्य इथे कुठल्या सिद्धान्तासाठी आलेलं नाही. माळ्याने किती हार द्यायचे याच्या हिशेबात आलेलं आहे. गावातल्या कारकुनालाही ते वापरता येत होतं, त्यात त्याला काही नवल वाटत नव्हतं. नवरा अकाउंट्समधला माणूस. तो देवळाच्या जाळीशी बराच वेळ उभा होता, आणि किल्ल्यावर आपलं काय हा प्रश्न त्याने त्यानंतर काढला नाही.

पायथ्याशी गूजरी महल. मानसिंगाने राणी मृगनयनीसाठी बांधला असं सांगतात, आता तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे. ते उभं केलं ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांनी. ग्यारसपूरची शालभंजिका इथे जपून ठेवली आहे. हात तुटलेले, पाय तुटलेले, आणि तरी चेहऱ्यावर ते हसू. तिच्यासाठी इथवर यावं.

जयविलास पॅलेसबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याबद्दल सगळेच सांगतात. १८७४ मध्ये जयाजीरावांनी बांधून घेतला, आराखडा मायकेल फिलोस यांचा. दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची, ती छताला झेपतील की नाही हे बघायला आधी हत्ती छतावर चढवले होते, ही गोष्ट गाइड सांगतोच. जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी पाहुण्यांना ब्रँडी आणि सिगार पोचवायची. मराठ्यांच्या इतिहासाचं दालनही अलीकडे झालं आहे, तिथे नवऱ्याला अखेर हवं ते मिळालं. मला मात्र चांदीची आगगाडी बघताना सारखी आठवत होती ती ग्वाल्हेर ते श्योपुरची दोन फूट रुळांची छोटी गाडी, कालपरवापर्यंत धावणारी. टेबलावरची जपून ठेवली आहे, रुळावरची बंद पडली.

संध्याकाळी फूलबागेत राणी लक्ष्मीबाईच्या समाधीवर गेलो. राजवाड्यापासून चालत जाण्याजोगं अंतर. घोड्यावरचा पुतळा, खाली साधी समाधी, फिरायला आलेली मुलं, कणसं. इथे आम्हा दोघांचं वाजलं, आणि ते वाजणार हे मला पुण्याहून निघतानाच ठाऊक होतं.

१ जून १८५८ ला रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि राणी ग्वाल्हेरवर चालून आले. जयाजीराव सामोरे गेले, पण त्यांची फौजच पलीकडे मिळाली. विशीतला तो राजा आग्र्याला इंग्रजांच्या आश्रयाला गेला. पंधरवड्यात इंग्रज सेनापती ह्यू रोज आला, कोटा की सरायजवळच्या लढाईत राणी पडली, जयाजीराव परत गादीवर बसले. सोळा वर्षांनी तो राजवाडा उभा राहिला. घरात आपण ही गोष्ट एका शूर बाईची आणि एका फितुराची म्हणून ऐकतो. मीही तशीच ऐकली होती आणि तशीच नवऱ्याला ऐकवली. तो म्हणाला, "राज्य वाचवलं त्यांनी. नाहीतर हे शहर राहिलं असतं का?" मी म्हटलं, "झाशी राहिलीच की." मग तो दिवाण दिनकरराव राजवाड्यांवर गेला, मी तात्या टोप्यांवर.

वाद घालता घालता माझ्या ध्यानात आलं की आम्ही नावं घेत होतो ती सगळी आपल्याच मुलखाची. राणीचं सासर नेवाळकर, पारोळ्याकडचे. तात्या येवल्याचे. दिनकरराव देवरुखचे. शिंदे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे. घरापासून हजार किलोमीटरवर, चंबळच्या तोंडाशी, ही सगळी माणसं समोरासमोर उभी होती, आणि प्रत्येकाचा हिशेब निराळा होता. त्याच सुमारास पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसेही याच मुलखात होते. ते लढायला आलेले नव्हते. दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल, म्हणून ते निघाले होते, आणि बंडात सापडून झाशीचा वेढा आतून बघून परतले. त्यांचं 'माझा प्रवास' १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी प्रसिद्ध केलं. उत्तरेच्या या वाटेवरचं आपल्या भाषेतलं सगळ्यात गाजलेलं प्रवासवर्णन असं पोटापाण्यासाठी निघालेल्या माणसाचं आहे, हे मला बरं वाटतं. राणीबद्दल माझं मत बदललं नाही. जयाजीरावांबद्दल नवऱ्याचंही नाही. समाधीवर मात्र आधी त्यानेच फुलं वाहिली.

रविवारी सकाळी हजीऱ्याला, तानसेनाच्या कबरीवर. आधी मोठी दिसते ती त्याच्या गुरूची, सूफी संत महंमद गौस यांची: चौरस इमारत, कोपऱ्यांवर षट्कोनी बुरूज, आणि भिंतीभर दगडी जाळ्या, एकीसारखी दुसरी नाही. आत उभं राहिलं की जमिनीवर उन्हाची नक्षी पडते. तानसेन तिच्या बाजूला, उघड्यावर, छोट्याशा छत्रीखाली. डिसेंबरात इथे तानसेन समारोह भरतो, १९२४ पासूनची परंपरा. शेजारी चिंचेचं झाड आहे. याचा पाला खाल्ला की गळा सुधारतो अशी गवयांची समजूत, आणि जुनं झाड त्या समजुतीपायी ओरबाडून गेलं म्हणतात. मी कोवळी दोन पानं चघळली आणि तिथेच यमनाचे आरोह-अवरोह म्हटले. नवऱ्याने मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "अजून थोडी खा."

थट्टा सोडली तर तिथे मला माझा हक्क जरा तपासून बघावासा वाटला. ख्याल गायकीची ही पेठ नथ्थन पीरबक्षांच्या नातवंडांनी, हस्सू खाँ आणि हद्दू खाँ यांनी, शिंद्यांच्या दरबारात उभी केली. वासुदेवबुवा जोशी त्यांच्याकडे शिकले, बाळकृष्णबुवा वासुदेवबुवांकडे. इथून विद्या मिरजेला गेली आणि तिथून महाराष्ट्रभर पसरली. पुढे १९१८ मध्ये भातखंड्यांनी माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने इथे माधव संगीत विद्यालय काढलं, आणि कृष्णराव शंकर पंडित तर १९८९ पर्यंत याच गावात होते. म्हणजे आपण दिलं ते आश्रय आणि शिष्य. गाणं मात्र आपण इथून घेतलं. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून मान दिला, तेव्हा माझ्या क्लासच्या ग्रुपवर अभिनंदनाचे संदेश फिरले होते. अभिनंदन कुणाचं, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

दुपारचं जेवण नवऱ्याच्या मित्राच्या मावशींकडे होतं, जनकगंजात. पूर्वज शिंद्यांच्या पदरी कारकून म्हणून आले, तो वाडा आता भावाभावांत वाटून अर्धा राहिलेला. मावशी ऐंशीच्या घरातल्या, अंगावर शाल, पायात मोजे. "या न, बसा. थंडी फार पडून राहिली आहे. तुम्ही येणार हे मला सकाळीच माहीत पडलं, म्हणून साधंच बनवलं." साधं म्हणजे वरणभात, हिरव्या मटारची उसळ, भरली वांगी, गाजराचा हलवा आणि गुळपोळी. गुळपोळीच्या सारणात तिळाबरोबर गजकेचा चुरा होता. मी कृती विचारली तर म्हणाल्या, "कृती काय त्यात? डब्याच्या तळाला उरते तीच घालायची."

भिंतीवर गणपती, खाली वाडवडिलांचे फोटो, आणि कपाटात भा. रा. तांब्यांच्या कवितांचं जुनं पुस्तक. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी, १९४१ मध्ये इथेच वारले. त्यांची लताबाईंनी गायिलेली गाणी मी कॉलेजात असताना पाठ केली होती आणि ती सगळी कोकणातल्या किंवा पुण्यातल्या कुठल्याशा संध्याकाळची असतील अशी माझी पक्की कल्पना होती. मावशी म्हणाल्या, "त्यांचं नाव तर या गल्लीत रोज घेत असत. माझे वडील त्यांना पाहिलेले." १९६१ चं मराठी साहित्य संमेलन इथे भरलं, अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. मावशींना त्यातलं आठवतं ते एवढंच, की महाराष्ट्रातून आलेले पाहुणे घरी उतरले होते आणि त्यांना इथला चहा फार गोड लागला होता.

नवऱ्याने न राहवून विचारलंच, "मावशी, महाराष्ट्रात परत यावंसं नाही वाटलं कधी?"

"परत?" त्या हसल्या. "मी तिथून गेले कधी होते, परत यायला? पुण्याला एकदाच आले, भाचीच्या लग्नात. तुमचा रिक्षावाला मला विचारतो, यूपीच्या काय? मी म्हटलं, नाही रे बाबा, लष्करची. तर त्याने मला एमजी रोडवर नेऊन सोडलं."

हसून हसून नवऱ्याला ठसका लागला. त्यांचा मुलगा बंगळुरूला आहे, नातवंडं घरात इंग्रजी आणि हिंदी बोलतात. मावशींना त्याचं फार वाईट वाटतं असं दिसलं नाही. गणपतीत येतात, आरत्या पाठ आहेत, म्हणाल्या. मोबाइलवर नातवाचा आरतीचा व्हिडिओ दाखवला. उच्चार हिंदी वळणाचे होते, टाळ्या बरोबर सम पकडून होत्या.

संध्याकाळी मेळ्याला गेलो. माधवराव शिंद्यांनी १९०५ मध्ये सुरू केलेला हा ग्वाल्हेरचा व्यापार मेळा, आरंभी गुराढोरांचा, आता सगळ्याचा. शंभरेक एकरांचं मैदान, पक्की बांधलेली दुकानं, पाळणे, बरण्या, रजया, लोणची, आणि एका अंगाला चक्क मोटारगाड्यांचे शोरूम. मेळ्यात घेतलेल्या गाडीला सरकार पुष्कळदा रोड टॅक्समध्ये मोठी सवलत देतं, म्हणून लोक वर्षभर थांबून इथे गाडी घेतात. हार घातलेली नवी गाडी पाळण्याच्या रांगेतून वाट काढत निघालेली मी पहिल्यांदाच पाहिली. आणि एवढ्या थंडीत जो तो सॉफ्टी आइस्क्रीम खात होता. कानटोपी, मफलर, हातमोजे, हातात सॉफ्टी. आम्हीही खाल्ली. दात वाजत होते, पण मेळ्याला येऊन न खाणं इथे बहुधा अशुभ मानत असावेत.

गाडीला अवकाश होता, म्हणून गजक घ्यायला लष्करात परत आलो. गजक हा या टापूचा हिवाळा. शेजारच्या मुरैन्याच्या गजकेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ग्वाल्हेरकर मात्र आपलीच खरी म्हणतात. गुळाचा किंवा साखरेचा पाक खिळ्याला टांगून ओढत राहायचा, ओढून ओढून रंग फिका पडला की भाजलेल्या तिळांत घालून लाकडी हातोड्यांनी कुटायचा, घडी घालून पुन्हा कुटायचा. म्हणून ती चिक्कीसारखी दाताला झोंबत नाही, जिभेवर पदर सुटत विरते. दुकानाच्या मागच्या बाजूला कुटण्याचा ठेका चालूच होता. पुढे मालक तराजूशी बसलेले, साठीचे असतील.

आमची मराठीत घासाघीस सुरू झाली, म्हणजे आपसात. किती घ्यायची, सोसायटीत कुणाकुणाला द्यायची, तिळगूळ म्हणून हीच वाटली तर चालेल का. नवरा हळूच म्हणाला, "भाव जरा जास्तच वाटतोय गं. चार किलो घेतोय, काहीतरी कमी करायला सांग." मी म्हटलं, "तूच सांग, शिंदे तुझे."

मालकांनी तराजूचा काटा सरळ केला आणि मराठीतच म्हणाले, "भाऊसाहेब, भाव एकच आहे. शिंद्यांनाही हाच लावतो." मग त्यांनी सांगितलं की मराठी ते शाळेत शेजारच्या बाकावर बसून शिकले आणि दुकानात अर्धं गिऱ्हाईक मराठी, त्यामुळे विसरायला सवडच मिळाली नाही. नवऱ्याने मुकाट्याने पाकीट काढलं. तेवढ्यात मी पाचवा किलो सांगितला, मावशींच्या मुलाला बंगळुरूला पाठवायचा म्हणून, आणि कुरिअरने गजक तुटते की नाही यावर दुकानात उभ्या असलेल्या सगळ्यांचं हिंदी-मराठीत एकदम बोलणं सुरू झालं.